तराफ्यापर्यंत पोहून जा

शिरूर आणि दौंड तालुक्यांतून आलेले पाळक आणि बायबलबाया, मागच्या खुर्च्यांवर बसून आपल्या लेकरांकडे डोळे भरून बघणारे आईबाप, आणि आज पदवी घेतलेल्या माझ्या मुलामुलींनो.

सकाळी पुण्याहून गाडीनं दौंडला येत होतो. यवत गेलं, खुटबाव गेलं, केडगाव आलं. केडगावला गाडी थांबली की मी दर वेळी उठून डब्याच्या दारात उभा राहतो. लहानपणी वडिलांनी लावलेली सवय आहे ती. ते म्हणायचे, या स्टेशनावर पंडिता रमाबाई उतरत होत्या, इथं बसून राहू नये. पुढं कडेठाण आणि पाटस येईपर्यंत आज काय बोलायचं ते माझ्या मनात पक्कं झालं होतं.

तुमच्यापैकी कुणी कुरकुंभच्या नाहीतर रांजणगावच्या एमआयडीसीत लागेल. कुणी नर्स होईल, कुणी बी.एड. करेल, कुणी घरची शेती बघेल. तीनचार जण पूर्णवेळ सेवेत जातील. पण रविवारी सकाळी तुम्ही सगळे कुठल्या ना कुठल्या मंडळीत बसणार आहात आणि तुमच्यासमोर कुणीतरी पुस्तक उघडून उभं राहणार आहे. तो माणूस तुमच्या लेकरांना बाप्तिस्मा देईल, तुमच्या घरातली भांडणं ऐकेल, तुमच्या आईच्या उशाशी शेवटची प्रार्थना करेल. इतकं सगळं ज्याच्या हातात द्यायचं, त्याची निवड आपण कशी करतो? घरात मोबाईल घ्यायचा असला तर चार दुकानं फिरतो. मुलीला स्थळ आलं की मामाला गावी पाठवून, शेजारीपाजारी विचारून, पाणवठ्यावर कोण कसं बोलतं इथपर्यंत चौकशी करतो. पाळकाच्या बाबतीत मात्र एक जोरदार संदेश ऐकतो, डोळे पुसतो, आणि घरी येऊन म्हणतो, माणूस देवाचा आहे. हे आपल्याला शोभत नाही. त्यावरच मला बोलायचं आहे.

रमाबाईंच्या आयुष्यातला एक प्रसंग सांगतो. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष पत्करलेले. घरदार गेलं आणि सगळं कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरू लागलं. पुढं दुष्काळात वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी हिंदुस्थानभर चालली. त्या प्रवासात हिमालयातल्या एका तीर्थाच्या सरोवराशी ती पोहोचली. त्या पाण्यात डोंगर तरंगतात अशी ख्याती होती. काठावर यात्रेकरू हात जोडून उभे राहायचे. डोंगर तुमच्याकडे सरकत आला तर तुम्ही निष्पाप, जागेवरच राहिला तर तुमच्या पदरी पाप आहे. दक्षिणा दिली की डोंगर हलायचा. पाण्यात मगरी आहेत, कुणी उतरू नका, असंही सांगितलेलं होतं.

पहाटे, काठावर कुणी नसताना, श्रीनिवास पाण्यात उतरला. पोहत पोहत त्या डोंगरापाशी गेला. जवळून पाहिलं तर डोंगर म्हणजे तराफा. त्यावर माती आणि दगड रचून झाडं लावलेली. पलीकडच्या बाजूला एक छोटी नाव. काठावरून खूण झाली की नावेतली माणसं तराफा ढकलायची. मगर कुठंच नव्हती.

रमाबाईंनी हे आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे. मी ते इथं सांगतो आहे, यात दुसऱ्याच्या धर्माला हिणवण्याचा हेतू नाही. त्या काठावर आपल्या पापाच्या काळजीनं उभी असलेली माणसं माझ्या आईसारखी भाबडी आणि प्रामाणिक होती. आणि खरं सांगायचं तर तराफे फक्त त्या सरोवरात नाहीत. आपल्या मंडपात आहेत, आपल्या फ्लेक्सवर आहेत, प्रार्थनेचं तेल म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीत आहेत. क्यूआर कोडवर दशमांश आला की आशीर्वाद सरकत येतो, नाही आला तर तुमच्या विश्वासात खोट. आणि प्रश्न विचारला तर मगर दाखवतात. अभिषिक्ताच्या अंगावर हात टाकलात तर शाप लागेल, म्हणतात. ही मगर मी उभ्या आयुष्यात कितीदा ऐकली आहे. पाण्यात उतरून पाहिलं तेव्हा एकदाही भेटली नाही.

पण मी फार उशिरा उतरलो. तेही सांगतो.

माझी मावशी इथंच, दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायची. काका गार्ड होते. मावशीला साखरेचा आजार होता आणि इंजेक्शन चालू होतं. घरात फ्रिज नव्हता. इन्शुलिनची बाटली ती ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवायची, आणि आम्ही पोरं पाणी घ्यायला गेलो की ओरडायची, हळू रे, माझा जीव आहे तिथं. एका उन्हाळ्यात बाहेरगावचा एक उपदेशक आला. मैदानात तीन रात्री सभा झाल्या. तिसऱ्या रात्री त्यानं मावशीच्या डोक्यावर हात ठेवला आणि माइकवरून सांगितलं, ती बाटली घरात आहे तोवर तुझा विश्वास अर्धाच आहे. मावशी घरी आली आणि मोरीच्या कडेवर बाटली फोडली. काचा काकांनी वेचल्या, एक शब्द न बोलता. चार महिन्यांत अंगठा काळा पडला. मग गुडघ्याखाली पाय काढला. दोन वर्षांनी ती गेली. तो उपदेशक मातीला आला नाही. त्याला कळलंही नसेल.

त्या माणसावर माझा राग होता, आजही थोडा आहे. पण मला झोपू देत नाही ती वेगळीच गोष्ट. त्या रात्री मंडपात आमच्या घरची सात माणसं होती. मी एकोणीस वर्षांचा होतो, कॉलेजात जात होतो, साखरेचा आजार म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. मावशीच्या डोक्यावर हात ठेवला गेला तेव्हा मी टाळ्या वाजवत होतो. हा कोण, कुठल्या मंडळीचा, कुणी पाठवला, याच्या हातून बरं झालेलं माणूस आम्हाला भेटेल का, यातलं काहीही आम्ही विचारलं नाही. विचारणं म्हणजे अविश्वास, असं आम्हाला वाटत होतं.

पवित्र शास्त्राला असं वाटत नाही. पौल बिरुया गावात उपदेश करतो तेव्हा तिथले लोक रोज शास्त्र उघडून त्याचं म्हणणं ताडून पाहतात, आणि प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक त्यांची तारीफ करतं. प्रत्यक्ष पौलाची तपासणी झाली आणि ती चांगली गोष्ट म्हणून लिहून ठेवली गेली! मग आपल्या तालुक्यातल्या कुणाला तपासणीचा अपमान वाटावा हे कसं चालेल? योहान आपल्या पहिल्या पत्रात प्रत्येक आत्म्याची परीक्षा घ्यायला सांगतो. प्रभू येशूनं मेंढराच्या कातड्यातल्या लांडग्यांविषयी सावध केलं आणि झाड फळावरून ओळखायला शिकवलं. फळ एका रात्रीत धरत नाही, आणि शिरूरच्या डाळिंबवाल्याला हे मी सांगायला नको. कलम लावल्यापासून बहर धरेपर्यंत किती उन्हाळे थांबावं लागतं ते तो जाणतो. तीन रात्रींच्या सभेत फार तर फूल दिसतं.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय तुम्ही परीक्षेसाठी पाठ केला असेल. आज घरी गेल्यावर तो पुन्हा वाचा, आणि त्यात काय नाही ते बघा. मोठा आवाज नाही. गर्दी जमवण्याची ताकद नाही. चमत्कार नाही. स्वप्नं आणि दर्शनं नाहीत. शिकवता यावं एवढं एकच कौशल्य मागितलं आहे. बाकी सगळं वागण्याचं. पैशाचा लोभी नसावा. मारकुटा, भांडखोर नसावा. दारूच्या आहारी गेलेला नसावा. स्वतःचं घर नीट चालवणारा असावा. नवशिका नसावा. सेवकांची आधी पारख व्हावी, मग त्यांना काम द्यावं. आणि एक अट अशी आहे की तिच्याकडे आपण कधी लक्षच देत नाही. मंडळीच्या बाहेरच्या लोकांत त्याचं नाव चांगलं असावं.

बाहेरचे लोक म्हणजे कोण? त्याचा किराणा दुकानदार. घरमालक. शेजारचे शिंदेकाका आणि पलीकडचे शेखभाई. त्याच्या मुलांच्या शाळेतल्या बाई. उधारी वेळेवर फेडतो का? पाण्याच्या नळावर त्याची बायको कशी दिसते, हसते की घाबरलेली असते? मोटरसायकल आडवी आली तर रस्त्यात कोणत्या भाषेत बोलतो? आपल्या मंडळ्या पाळक बोलावताना प्रमाणपत्रं मागतात, शिफारसपत्रं मागतात. मी आमच्या मंडळीच्या पंचकमिटीत असताना एकदा हट्ट धरून उमेदवाराच्या आधीच्या गावी गेलो होतो आणि चहाच्या टपरीवर तासभर बसलो. टपरीवाला आपल्या धर्माचा नव्हता. तो म्हणाला, साहेब, आमच्याकडं पूर आला तेव्हा तुमचे पाळक गुडघाभर पाण्यात उभे राहून म्हाताऱ्यांना उचलत होते, आणि फोटो काढू देत नव्हते. त्यांना आम्ही बोलावलं. ती आमच्या मंडळीची सगळ्यात चांगली बारा वर्षं होती.

आद्य मंडळीलाही हा प्रश्न पडला होता. डिडाखे नावाची एक अतिशय जुनी ख्रिस्ती पुस्तिका आहे, बहुतेक अभ्यासक ती पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची मानतात. फिरत्या उपदेशकांचं काय करायचं ते तिच्यात अगदी रोखठोक सांगितलं आहे. आलेल्याचं स्वागत करा. तो एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही मुक्काम हलवला नाही तर तो खोटा. निघताना त्याला पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्या. पैसे मागितले तर खोटा. इतकं साधं मोजमाप! गरीब मंडळ्यांनी फसगत सोसून, अनुभवानं तयार केलेलं. आपण त्यांच्याहून शहाणे झालो आहोत असं मला वाटत नाही.

आता पुन्हा केडगावकडे येतो, कारण आध्यात्मिक पुढाऱ्याची आज्ञा किती पाळायची हा प्रश्न रमाबाईंइतका कुणी भोगलेला नाही. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमधल्या वाँटेज इथं त्यांचा आणि त्यांच्या छोट्या लेकीचा, मनोरमेचा, बाप्तिस्मा झाला. नवरा गेलेला, देश सोडलेला, जवळ दोन वर्षांची मुलगी. आसरा दिला तो तिथल्या भगिनीसंघानं. उपकाराचं ओझं केवढं असेल! तरीही त्यांनी विचारणं थांबवलं नाही. जे शास्त्रात आपल्याला सापडत नाही ते केवळ चर्च म्हणतं म्हणून मानायला त्या तयार नव्हत्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आम्हाला आमची संस्कृत आहे, हेही त्यांनी लिहिलं. पुढं इंग्लंडमधल्याच चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही याचा निर्णय हिंदुस्थानातले बिशप दुरून घेऊ लागले, तेव्हा त्यांनी नम्रपणे पण ठाम शब्दांत कळवलं की एका पुरोहितशाहीचं जू मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलं आहे, आता त्याच जातीचं दुसरं चढवून घेणार नाही.

हा ठामपणा झेलणाऱ्या, त्याच भगिनीसंघातल्या सिस्टर जेराल्डिन यांचं दुःख मला कळतं. त्यांनी रमाबाईंवर आईसारखी माया केली होती. पण माया करणाऱ्याला आपल्या सदसद्विवेकबुद्धीची किल्ली द्यायची नसते. आणि लक्षात घ्या, रमाबाईंनी मंडळी सोडली नाही, विश्वास सोडला नाही, भगिनींशी पत्रव्यवहारही तोडला नाही. आपल्याकडे दोनच वाटा दिसतात. एक तर पाळकसाहेब म्हणतील ती पूर्व दिशा, नाहीतर भांडून वेगळी मंडळी काढायची. नात्यात राहून नाही म्हणता येतं, हे आपण त्यांच्याकडून शिकायला हवं.

पुढं त्या स्वतःच पुढारी झाल्या, आणि मग खरी कसोटी लागली. दुसऱ्याला जाब विचारणं सोपं असतं. १८८७ मध्ये बोस्टनला त्यांच्या कामासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. वेगवेगळ्या पंथांची माणसं तिच्यात होती आणि तिनं दहा वर्षं मदतीचं वचन दिलं. रमाबाई तिला दर वर्षी कामाचा आणि पैशाचा हिशेब देत. मार्च १८८९ मध्ये मुंबईत विधवा मुलींसाठी त्यांचं शारदासदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. सल्लागार म्हणून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं होती. ती ख्रिस्ती नव्हती, तरी त्यांच्या नजरेखाली काम चाललं. १८९३ मध्ये सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो यावरून मोठा गदारोळ झाला. केसरीनं झोड उठवली आणि रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले.

आपल्या ख्रिस्ती घरांत ही गोष्ट सांगताना रमाबाई बरोबर आणि बाकी सगळे चूक, असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. रमाबाई म्हणत की मी माझ्या खोलीत प्रार्थना करते, दार उघडं असतं, कुणाला मी बोलावत नाही आणि कुणाला अडवत नाही. यात खोटं काही नव्हतं. पण सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील या भरवशावर ज्यांनी आपल्या विधवा लेकीबाळी पाठवल्या, त्यांना विचारण्याचा हक्क होता, आणि रानड्यांचा प्रश्न द्वेषातून आलेला नव्हता. रमाबाईंचं मोठेपण मला पुढच्या वर्षांत दिसतं. केडगावला त्यांनी उभारलेल्या मुक्ती या संस्थेत कुणाला शंका राहणार नाही इतकं त्यांनी स्पष्ट केलं की ही ख्रिस्ती संस्था आहे. ज्याला यायचं त्यानं जाणून यावं. पुढाऱ्यावर टीका झाली की तो अंधार वाढवतो की उजेड, हे बघा. त्यावरून निम्मा निकाल लागतो.

१८९६ च्या आणि १९०० च्या दुष्काळांत त्या माळरानावर दीड हजाराच्या वर बायका-मुली सांभाळल्या गेल्या. विहिरी खोदल्या, शेती झाली, छापखाना चालला. १९०५ मध्ये मुक्तीत आत्म्याचं मोठं जागरण झालं, जगभर गाजलं. रडणं, अन्य भाषांत बोलणं, रात्रभर प्रार्थना, सगळं झालं. आजच्या एखाद्या पुढाऱ्यानं त्यावर स्वतःचं साम्राज्य उभं केलं असतं. रमाबाईंनी त्या खुणांना बंदी घातली नाही आणि त्या नसलेल्यांना कमी लेखलंही नाही. जात्यावरचं दळण, मागावरचं कापड आणि शाळेची घंटा त्या काळातही बंद पडली नाही.

शिरूरकरांनो, तुम्ही म्हणाल सगळं दौंडचंच चाललं आहे. तुमच्या घोडनदीची एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. तिथल्या जुन्या कबरस्तानात कर्नल विल्यम वॉलेस या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची कबर आहे. तो १८०९ मध्ये वारला. १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात नोंद आहे की आजूबाजूच्या गावांतले लोक त्याला सत्पुरुष म्हणत, सुगीचं पहिलं धान्य त्याच्या कबरीवर नैवेद्य म्हणून आणत. परका, गोरा, शिपाईगडी! त्यानं कधी उपदेश केला नाही, मठ काढला नाही. लोकांनी त्याच्यात काहीतरी चांगलं पाहिलं आणि पाऊणशे वर्षं जपलं. मला त्यातून दोन्ही गोष्टी दिसतात. सामान्य माणसाला चांगुलपणा ओळखता येतो, त्यासाठी त्याला धर्मशास्त्राची पदवी लागत नाही. आणि तोच सामान्य माणूस, आवडलेल्या माणसाला पटकन देव्हाऱ्यात बसवतो. कबरीतला सत्पुरुष निदान कुणाची बाटली फोडायला लावत नाही. जिवंत माणूस देव्हाऱ्यात बसला की त्याला खाली उतरवता येत नाही, आणि तो स्वतःहून उतरत नाही.

याच शिरूरात अमेरिकन मराठी मिशननं काम केलं. त्या मिशनची परंपरा अशी की मंडळीनं आपला पाळक आपण बोलवायचा. १८५४ मध्ये अहमदनगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, तेव्हा गोऱ्या मिशनऱ्यांऐवजी आपल्यातल्या माणसाला आपण मेंढपाळ म्हणायचं, ही आपल्या पणजोबांसाठी केवढी मोठी गोष्ट होती. तो हक्क आज आपण कसा वापरतो? पंचकमिटीच्या निवडणुकीत दोन भावक्या, दोन पॅनेल, आणि मतदानाच्या आदल्या रात्री मटण. हे मी ऐकीव सांगत नाही. मी ते जेवण जेवलो आहे.

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. यरुशलेमच्या मंडळीत तक्रार उठली की ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जातं. प्रेषितांनी तक्रार दाबली नाही. तुम्हीच सात माणसं निवडा, म्हणाले. आणि निवडलेल्या सातांची नावं बघा, स्तेफन, फिलिप, निकानोर, सगळी ग्रीक आहेत. ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांच्यातल्या माणसांच्या हाती भांडाराची किल्ली दिली गेली. आपल्या मंडळ्यांत दोनतृतीयांश बाकं बायकांनी भरलेली असतात. पाळक निवडताना त्यांना कुणी विचारतं का? पुरुषांना संदेश कळतो, पण माणूस बायकांना आधी कळतो. कुठल्या घरी तो नवरा नसताना जातो, कुणाशी बोलताना त्याची नजर कुठं असते, हे त्यांना ठाऊक असतं आणि त्या गप्प बसतात, कारण बोललं तर त्यांचीच अब्रू काढली जाते.

ही भीती खेड्यातलीच आहे असं समजू नका. चेन्नईत जन्मलेले रवी झकरायस हे जगभर मानले गेलेले ख्रिस्ती वक्ते होते. त्यांची व्याख्यानं ऐकून मी स्वतः भारावलो होतो. २०१७ मध्ये एका स्त्रीनं आवाज उठवला तेव्हा संस्थेनं त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला. २०२० मध्ये ते वारले. पुढच्या वर्षी त्यांच्याच संस्थेनं नेमलेल्या वकिलांच्या अहवालात अनेक स्त्रियांशी केलेल्या लैंगिक गैरवर्तनाची नोंद आली. इतकी वर्षं विश्वस्त मंडळ होतं, हिशेबनीस होते, प्रार्थना करणारे हजारो होते. जवळ जाऊन पाहणारं कुणी नव्हतं, कारण जवळ जाणं अनादर मानलं गेलं.

म्हणून मी तुम्हाला अगदी व्यवहारातलं सांगतो. तुमची मंडळी बहुधा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली असेल. तिचे विश्वस्त कोण, मालमत्ता कोणती, हे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात लिहिलेलं असतं आणि दर वर्षाचे हिशेब तपासून द्यावे लागतात. ते कागद मागा. मिशन कंपाउंडच्या जमिनीचा सातबारा मागा. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा वाचा. तो डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर आला आणि तो आपल्या मंडपालाही लागू आहे. बरं करणारा देव आहे यावर माझा पूर्ण विश्वास आहे. औषध बंद करायला सांगणारा माणूस देवाकडून आलेला नाही, हेही मी तेवढ्याच खात्रीनं सांगतो. आणि वारशाचं म्हणाल, तर पाळकाच्या मुलानं पाळक व्हायला हरकत नाही. रमाबाईंच्या मनातही मनोरमाबाईच पुढं होत्या. पण त्या परदेशात शिकून आल्या होत्या, शाळा चालवत होत्या, अंध मुलींना ब्रेल शिकवत होत्या. आडनावाआधी त्यांचे हात दिसत होते. त्या १९२१ मध्ये आईच्या आधीच गेल्या, आणि तरी मुक्ती बंद पडली नाही.

आता सेवेत जाणाऱ्या तिघाचौघांसाठी. तुम्हाला फार मान मिळेल, पहिल्याच महिन्यात. म्हाताऱ्या बाया तुमच्या पाया पडायला येतील. त्यांना उठवा. थैलीतले पैसे स्वतः मोजू नका, दोन माणसांना मोजू द्या आणि आकडा फळ्यावर लिहा. एकट्या बाईच्या घरी एकटे जाऊ नका. वर्षातून एकदा पंचांसमोर बसून विचारा, माझं काय चुकलं? ते पहिल्या वर्षी काही बोलणार नाहीत. दुसऱ्या वर्षी पुन्हा विचारा. आणि कुणी तरुण पोरगा पहाटे पाण्यात उतरून तुमच्या तराफ्याकडे पोहत येताना दिसला तर त्याला मगरीची भीती घालू नका. त्याला हात द्या, वर घ्या, आणि खाली काय आहे ते दाखवा. खाली जमीन असेल तर तुम्हाला घाबरायचं कारण नाही.

बाकीच्यांनो, येत्या रविवारी मंडळीत जाल तेव्हा उपासनेनंतर लगेच निघून जाऊ नका. थांबा. पंचांना नमस्कार करा, गोड बोला, आणि मागच्या वर्षाच्या हिशेबाची वही बघायला मागा. ती वही हसत हातात दिली गेली, तर ज्यानं दिली त्याचं नाव लक्षात ठेवा. पुढच्या निवडणुकीत त्याला मत द्या.

प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो. आमेन.